वाळवंटाचं पत्रक

लहानपणी मी पाठकोऱ्या पत्रकांवर गणितं सोडवली. बाबा रेल्वेत कारकून होते आणि युनियनचं सगळं लिखाण त्यांच्याकडे असायचं. बनारसमधल्या बालाजी घाटाजवळच्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत पलंगाखाली गुलाबी, पिवळ्या, पातळ कागदांचे गठ्ठे पडलेले असत. वाटून उरलेल्या पत्रकांची पुढची बाजू कामगारांची आणि मागची माझी. गणित अडलं की मी कागद उलटून वाचायचे. पत्रकं हिंदीत, घरातलं बोलणं मराठीत, आणि भांडणं दोन्हींत. 'माँग', 'धिक्कार' आणि 'तत्काल' हे शब्द मला अपूर्णांकांच्या आधी समजले.

पत्रकांचे आमच्या घरी दोन नियम होते. पहिला असा की जे संध्याकाळी लिहिलं, ते त्याच संध्याकाळी छापखान्यात गेलं पाहिजे. ज्याच्या वतीने लिहिलं त्याला आधी दाखवायचं नाही. बाबा म्हणत, "दाखवत बसलीस तर तो घाबरेल, आणि पत्रक कधीच निघणार नाही." दुसरा नियम असा की छापलेलं मागे घ्यायचं नाही. एक मागे घेतलं तर पुढच्यावर कोण विश्वास ठेवणार? दोन्ही नियम मला बरोबर वाटत. बऱ्याच अंशी अजूनही वाटतात. एका चित्रापाशी मात्र ते दोन्ही मोडावे लागले.

ते चित्र आमच्या चित्रकार काकांचं. ते नात्याने काका नाहीत. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, पंचगंगेच्या बाजूला राहतात, आणि इथल्या मराठी घरांत त्या वयाचा प्रत्येक पुरुष काकाच असतो. त्यांचं घराणं याज्ञिकांचं. वडील यज्ञाच्या वेदी आखायचे. चार खुंट्या, एक लांब दोरी आणि दोरीला चोळलेला गेरू. दोरी दोन टोकांना ताणायची, मधे चिमटीत उचलून सोडायची, की जमिनीवर सरळ लाल रेघ उमटते. काका मुलगा असताना त्या दोरीचं एक टोक धरून उभे असत. पुढे त्यांनी पौरोहित्य सोडलं आणि चित्रकलेच्या कॉलेजात गेले, पण दोरी बरोबर घेऊन गेले.

त्यांच्या वेळी कॉलेजात जो तो घनवादाबद्दल बोलत असे. म्हणजे काय, ते त्यांनी मला एकदा चहाच्या कपावर समजावलं होतं. कप समोरून गोल दिसत नाही, वरून उंच दिसत नाही. मग एकाच कागदावर तो सगळ्या बाजूंनी दाखवायचा तर आधी फोडावा लागतो आणि तुकडे नव्याने बसवावे लागतात. काका कॅनव्हासवर गेरूची दोरी ताणून सोडत आणि त्या रेघांच्या खाचांत बनारस बसवत. पायऱ्या, छत्र्या, भोसले घाटावरच्या दगडी वाड्याच्या भिंती, मणिकर्णिकेवरच्या लाकडांच्या राशी, सगळ्यांचे कोन आणि चौकोन. "हे शहर घनवादासाठीच बांधलंय," असं ते म्हणत. ते घाट ते पलीकडून काढायचे. होडीने पैलतीरावर जायचं, रेतीवर चटई टाकायची आणि घाटांकडे तोंड करून बसायचं. हे चाळीस वर्षं चाललं. शहरातल्या अर्ध्या सरकारी कचेऱ्यांत त्यांचे घाट टांगलेले आहेत.

कॉलेजातल्या शिकवण्यातून निवृत्त झाल्यावर एका हिवाळ्यात ते बीकानेरला मुलीकडे गेले. जावई तिथे बँकेत आहे. परत आले ते गुंडाळलेला एक कॅनव्हास घेऊन. त्यानंतर त्यांनी एकही घाट काढला नाही. रेती काढली, फक्त रेती.

गल्लीत कुजबुज सुरू झाली की काकांची नजर गेली. आई म्हणाली, "मोतीबिंदू असेल. आता ऑपरेशन काही अवघड राहिलं नाही." त्यांनी डोळे तपासून घेतले. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं.

गेल्या वर्षी शहरातल्या एका कलादालनाने काकांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन ठरवलं. दालनाचा प्रमुख त्यांचाच जुना विद्यार्थी. काकांच्या घरी चित्रं निवडायला तो आला, तेव्हा मी तिथेच होते. त्याने वीस घाट निवडले आणि बीकानेरच्या कॅनव्हाससमोर थांबला.

"गुरुजी, लोग घाट देखने आएँगे."

"मग त्यांना घाटावर पाठव. तिथे तिकीट नाही." काका त्याच्याशी अर्धं मराठीतच बोलतात. इतक्या वर्षांत त्याला ते समजू लागलं आहे.

"एक ऊँट ही डाल दीजिए, गुरुजी. लोग समझ जाएँगे कि रेगिस्तान है."

"उंट समोरच्या रेतीवर रोज टूरिस्टांना फिरवतात. ते बघून कुणाला वाळवंट कळलं?"

तो हसला, पण चित्र त्याने यादीत लिहिलं नाही. मग काका शांतपणे म्हणाले, "हे लागेल तर सगळी लागतील. हे नाही, तर एकही नाही."

बराच वेळ बोलणी झाली. शेवटी तो म्हणाला की चित्र घेऊ, पण त्याच्याबरोबर एक पान लिखाण द्या, ज्यातून लोकांना ते काय आहे ते कळेल. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "ही लिहील. हिच्या घरी तोच धंदा आहे."

मी त्याच संध्याकाळी लिहिलं. आता खरं सांगायचं तर तोवर मी ते चित्र नीट दहा मिनिटंसुद्धा पाहिलेलं नव्हतं. मला त्याची गरज वाटली नाही. काय लिहायचं ते मला आधीच ठाऊक होतं. हे वाळवंट बीकानेरचं नाही, आपलंच आहे, असं मी लिहिलं. नदीत पाणी कमी होतंय, पैलतीराची रेती रुंद होतेय, आणि ज्या चित्रकाराने आयुष्यभर घाट काढले तो आज आपल्याला घाटांसमोरचा मृत्यू दाखवतो आहे. खाली नदीबद्दलच्या चार मागण्या. शेवटचा शब्द 'तत्काल'. आमच्या ओळखीच्या छापखान्यात ते लगेच छापून झालं. सकाळी एक गठ्ठा दालनात पोचवला आणि एक प्रत काकांच्या दारातून आत सरकवली.

दुपारच्या आत दालनाच्या प्रमुखाचा फोन आला.

"दीदी, ये क्या है?"

"तुम्ही मागितलेलं लिखाण."

"पहले वो पेंटिंग मेरी समझ में नहीं आ रही थी. अब उससे डर लग रहा है. उद्घाटन को ऊपर से साहब लोग आ रहे हैं. ये चित्र रहने दीजिए. बाकी प्रदर्शनी होगी."

"याला सेन्सॉरशिप म्हणतात."

"दीदी," तो म्हणाला, "इसे नौकरी कहते हैं."

मला आनंद झाला होता, हे कबूल करते. लढा आपल्या पायांनी दारात आला होता. मी तशीच चप्पल घालून काकांकडे गेले. ते खिडकीपाशी चष्मा लावून माझं पत्रक वाचत बसले होते.

"छान लिहिलंयस," ते म्हणाले. "नदीचं सगळं खरं आहे."

"काका, दालनवाले ते चित्र वगळतायत. पण आपण सोडायचं नाही. बाबांचे जुने लोक आहेत, दालनाच्या दारात उभे राहतील."

"कशासाठी?"

"तुमच्या चित्रासाठी."

"त्यांनी पाहिलंय ते?"

मी त्यांच्या हातातल्या पत्रकाकडे बघितलं.

"तू पाहिलंयस?"

मी म्हणाले, "पाहिलंय की," आणि मलाच माझा आवाज पत्रकासारखा वाटला.

त्यांनी कागदाची घडी घातली. "पोरी, मला ते भिंतीवर हवंय. मोर्च्यात नकोय. चाळीस वर्षं मी एकाच तऱ्हेने बघितलं, आणि म्हातारपणी मला दुसरी तऱ्हा सापडली. ती माझ्या गावातल्या लोकांनी एकदा बघावी. घाटांच्या शेजारी बघावी, म्हणजे कुठून निघालो आणि कुठे आलो ते दिसेल. एवढंच मागणं आहे माझं. ते तिथे नसेल, तर बाकीचे वीस म्हणजे नुसती सजावट. मी सगळी घरी आणीन."

ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. चित्र भिंतीवर लागणं आधी नुसतं कठीण होतं, आणि माझ्या कागदाने ते अशक्य करून ठेवलं होतं. उद्घाटनाला सहा दिवस होते.

"उद्या सकाळी ये," ते म्हणाले. "कागद-पेन आणू नकोस. तो फोनही घरी ठेव."

पहिल्या सकाळी त्यांनी मला चित्रापासून सात-आठ पावलांवर स्टुलावर बसवलं आणि स्वतः पूजेची फुलं आणायला निघून गेले. चित्र माझ्या उंचीएवढं रुंद आहे. त्यात फिकट पिवळा, मातकट रंग आहे, आणि वर तोच रंग आणखी विरळ होत जातो. रेती कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. डावीकडे एक गडद पट्टा आहे, सावलीसारखा, पण ज्याची सावली पडली ते काही चित्रात नाही. मी अर्ध्या तासात कंटाळले, मग चिडले. माणसं कुठे आहेत? वाळवंटात पाण्यासाठी मैलोन्‌मैल चालणाऱ्या बायका कुठे आहेत? काका फुलं घेऊन परत आले तेव्हा मी हे विचारलंसुद्धा.

"नव्हत्या," ते म्हणाले. "मी होतो तिथे नव्हत्या. तू बीकानेरला गेलीस तर तुला दिसतील. त्या तू लिही."

दुसऱ्या सकाळी खिडकीतून ऊन तिरपं येत होतं. चित्राचा पृष्ठभाग सपाट नाही हे तेव्हा कळलं. रंग लावलेला कमी आणि पुसलेला जास्त होता. जुन्या धोतराच्या चिंध्यांनी पुसल्याचे गोल गोल फेर दिसत होते. आणि खाली, उजव्या कोपऱ्यात, त्या फेरांच्या आड एक रेघ. सरळ, बारीक, लालसर. मग तिला छेदणारी दुसरी. मी स्टूल सोडून जवळ गेले. तिसरीही होती.

"काका, याच्याखाली घाट आहे?"

ते येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. "घाट नाही. पण दोरी आहे."

मग त्यांनी सांगितलं. मुलीच्या घरापासून जरा बाहेर, वस्ती संपते तिथे ते रोज सकाळी जाऊन बसत. पहिल्या दिवशी नेहमीच्या सवयीने त्यांनी कॅनव्हासवर दोरी ताणून सोडली. रेघा उमटल्या. रेघांमध्ये कोपरे तयार झाले. त्यांनी समोर पाहिलं, तर कोपऱ्यात बसवण्यासारखं तिथे काही नव्हतं. ना पायरी, ना भिंत. मग त्यांनी रेतीच्या टेकाडांचे कोन पाडले. दोन दिवस पाडत राहिले. चित्र छान दिसू लागलं. त्यांच्या इतर सगळ्या चित्रांसारखं दिसू लागलं.

"तिसऱ्या दिवशी मला लाज वाटली," काका म्हणाले. "घाट मी फोडायचो, कारण तो एका जागेवरून पुरता दिसत नाही. फोडायला कारण होतं. ही रेती जिथून बघावी तिथून पुरती दिसते. तिला मी कशाला फोडत होतो? मला येतं म्हणून. मग चिंधी घेतली आणि पुसायला लागलो. पुसता पुसता एके ठिकाणी थांबलो, तर समोर होतं तसंच कॅनव्हासवर होतं."

"मग या तीन रेघा का ठेवल्या?"

"निघाल्या नाहीत. गेरू पक्का असतो." ते जरासे हसले. "आणि मग वाटलं, राहू दे. खोटं कशाला बोलायचं, की मी पहिल्यापासून असाच होतो."

तिसऱ्या सकाळी त्यांनी मला होडीने पलीकडे नेलं. होडीवाला त्यांचा जुना माणूस. रेतीवर पोचल्यावर काकांनी चटई टाकली, सवयीने घाटांकडे तोंड करून बसले, मग उठले आणि नदीकडे पाठ करून बसले. होडीवाल्याने तोंडातलं पान सावरत विचारलं, "का गुरू, आज उल्टा बइठल हउआ?"

"इतकी वर्षं उलटाच बसलो होतो," काका म्हणाले. त्याला मराठी कळलं नाही, पण तो हसला.

मी त्यांच्या शेजारी बसले. समोर रेती होती. दूर कुठेतरी उंटाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. मला नदीची काळजी तेव्हाही वाटत होती. पाठीमागून तिचा वास येत होता. पण माझ्या पत्रकातली रेती आणि ही रेती एक नव्हती, आणि काकांची तर तिसरीच होती. मी त्यांच्या चित्राला माझ्या मागण्यांचा फलक धरायला उभं केलं होतं.

घरी आले तेव्हा बाबा टीव्हीवर बातम्या बघत होते.

"बाबा, पत्रक मागे घेतेय."

त्यांनी टीव्ही बंद केला. "कुणी दबाव आणला?"

"कुणीच नाही."

"मग?"

"नदीचं खरं आहे. चित्राचं खोटं आहे. मी न बघता लिहिलं."

बाबांनी रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आमच्या सगळ्या नोकरीत असं एकदाही झालं नाही."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "झालं असेल. तुम्ही कबूल केलं नसेल."

बाबांनी तिकडे दुर्लक्ष केलं. "मागे घेतेस तर लेखी घे. कारणासकट. तोंडी मागे घेणं म्हणजे पळून जाणं."

मी दोन कागद लिहिले. पहिल्यात लिहिलं की हे पत्रक मी मागे घेत आहे, भीतीमुळे नव्हे, नदीबद्दलचा एकही शब्द चुकला म्हणूनही नव्हे, तर त्यात एका चित्राबद्दल असत्य छापलं गेलं म्हणून. दुसऱ्यात ते चित्र कसं झालं तेवढंच लिहिलं. दोरी, कोपरे, तिसऱ्या दिवशीची लाज, चिंधी, तीन रेघा. मागणी एकही नाही. हे दुसरं पान लिहायला मला दोन दिवस लागले आणि या वेळी मी ते छापण्याआधी काकांना दाखवलं. त्यांनी एकच विशेषण खोडलं.

दालनाच्या प्रमुखाने पहिला कागद वाचला आणि मोठा श्वास सोडला. "बस, दीदी. यही तो हम कह रहे थे."

"नाही, तुम्ही हे म्हणत नव्हतात. तुम्ही घाबरला होतात. दुसरा वाचा."

तो वाचत गेला आणि दोरीपाशी थांबला. मग तसाच उठला, स्कूटर काढली, आणि आम्ही काकांच्या घरी आलो. तो सरळ चित्राच्या उजव्या कोपऱ्यापाशी जाऊन उकिडवा बसला. त्याने बोट पुढे केलं, पण कॅनव्हासला लावलं नाही.

"ये तो गुरुजी की डोरी है," तो म्हणाला.

मला ठाऊक नव्हतं, ते काकांनी सांगितलं. वर्गात मोठा कॅनव्हास असला की दोरीचं दुसरं टोक धरायला ते याला उभं करत. दोन वर्षं याने ते टोक धरलं होतं. "हात हलायचा त्याचा," काका म्हणाले. "माझ्या जुन्या घाटांत एक-दोन वाकड्या रेघा आहेत, त्या याच्या."

"गुरुजी, वो आपकी साइड से टेढ़ी होती थी."

"बघ. अजून कबूल करत नाही."

तो तिथे बराच वेळ बसला. उठला तेव्हा त्याचे गुडघे वाजले. म्हणाला, "लगाएँगे. पर दीदी, कागज़ नहीं. न पहला, न दूसरा. साहब लोग कागज़ पढ़ते हैं, चित्र नहीं देखते."

माझं डोकं तडकलं. दुसऱ्या पानात भिण्यासारखं काय होतं? एका म्हाताऱ्याने चिंधीने रंग पुसला, एवढंच होतं. मी ते बोललेही, आवाज चढवून. कागदाची भीती ही भीतीच असते, त्यावर काय लिहिलंय याच्याशी तिचा संबंध नसतो, हे माझं मत आजही आहे. काका मधे पडले नाहीत. मी बोलून संपले तेव्हा त्यांनी त्यालाच विचारलं, "कोणत्या भिंतीवर?"

"सारे घाट ख़त्म होने पर, सामने वाली दीवार पर. अकेला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती. त्यांनी मला कधी कशाची विनंती केल्याचं मला आठवत नाही. मी दुसरं पान घडी करून पिशवीत ठेवलं.

नदीचं पत्रक आम्ही त्याच आठवड्यात पुन्हा काढलं, चित्राचा उल्लेख न करता. पुराव्याचे आकडे बाबांनी स्वतः तपासले आणि आम्ही दोघांनी ते घाटाघाटावर वाटलं. दालनाच्या दारात मात्र वाटलं नाही.

उद्घाटनाला साहेब आले, दिवा लागला, फोटो झाले. वीस घाटांसमोरून लोक हळूहळू सरकत होते, आपापलं घर, आपली गल्ली शोधत. मग ते शेवटच्या भिंतीपाशी येत आणि त्यांचं बोलणं बंद होई. काही जण लगेच चहाकडे वळत. काही जण परत जाऊन एखादा घाट बघत आणि पुन्हा येत. काका बाजूच्या खुर्चीत धुतलेलं धोतर नेसून बसले होते. ते लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत नव्हते, पावलांकडे बघत होते, कोण कुठे थांबतं ते.

दुपारी गर्दी ओसरल्यावर एक मध्यमवयीन माणूस आला, हातात हेल्मेट. मी चित्राजवळच उभी होते. त्याला वाटलं असावं, ही इथलीच कुणीतरी आहे. त्याने विचारलं, "मैडम, ये क्या है?"

माझ्या तोंडात पूर्ण पान तयार होतं. पाठ होतं. पिशवीत कागदही होता.

"देखिए," मी म्हणाले, आणि बाजूला झाले, कारण मी चित्राच्या आड येत होते.

त्याने हेल्मेट जमिनीवर ठेवलं. चष्मा शर्टाला पुसला आणि पुन्हा पाहिलं. मी काही बोलले नाही. ते मला फार जड गेलं.